‘ओळखलंत का?’ हा प्रश्न आता पुरे

गणपतीत आमच्या विरारच्या घरी माणसांची रीघ लागायची. लालबाग, ठाणे, डोंबिवली, कुणी तर थेट कणकवलीहून. आरती झाली, प्रसाद हातावर पडला की जो तो खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळायचा. तिथे बाबा बसलेले असायचे. आलेला माणूस पाया पडायचा आणि आपलं तोंड बाबांच्या तोंडासमोर नेऊन मोठ्याने विचारायचा, “काय काका, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?”

बाबांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर असायचा. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायची, जपमाळ ओढल्यासारखी. हा प्रश्न आला की ती बोटं भराभर चालू लागायची, मग मनगट, मग कोपरापर्यंतचा हात. चेहऱ्यावर मात्र काहीच उमटायचं नाही, कारण पार्किन्सन्सने चेहऱ्याचे स्नायूही आखडलेले. विचारणारा चार-पाच सेकंद वाट बघायचा, मग आमच्याकडे वळून बाबांच्या देखतच म्हणायचा, “गेलं हो सगळं.” तो मोदक घेऊन आतल्या खोलीत गेला की बाबा हळूच म्हणायचे, “मधल्या काकीचा भाचा ना गं तो?”

बरोबर असायचं. फक्त उशिरा आलेलं असायचं.

मी डॉक्टर नाही. २००९ साली बाबांना पार्किन्सन्सचं निदान झालं आणि २०२२ साली ते गेले. मधली तेरा वर्षं मी त्यांच्याजवळ होते. शेवटच्या पाच-सहा वर्षांत कंपापेक्षा विसरण्यानेच घर जास्त दमवलं. त्या काळात मी ज्या चुका केल्या त्या तुमच्या घरी होऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे. आणि सगळ्यांत मोठी चूक तो प्रश्नच होती. पाहुण्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, मी स्वतः तो रोज विचारत होते. सकाळचा चहा पुढे ठेवायचा आणि सुरू: आज वार कोणता? काल रात्री काय जेवलात? नातीचं नाव काय? मेंदूला व्यायाम होतो असं कुणीतरी सांगितलेलं. एके दिवशी बाबा चहा तसाच सोडून उठले, भिंतीला धरत धरत आत गेले आणि दार लावून घेतलं. सत्तरी उलटलेल्या माणसाची मी रोज सकाळी परीक्षा घेत होते आणि रोज त्याला नापास करत होते.

विसरणं विसरणं सारखं नसतं, हे आधी समजून घ्या. पुढचं सगळं त्यावर आहे.

चाळीतल्या खोलीला पोटमाळा असायचा. वर पितळी भांडी, ट्रंका, लग्नातले फोटो. पार्किन्सन्समध्ये बराच काळ होतं ते असं, की सामान पोटमाळ्यावर शाबूत असतं पण हात पोचत नाही. मेंदूच्या मध्यभागी एका काळसर पट्ट्यात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या मरत जातात. म्हणून चाल जशी मंदावते, तसा विचारही मंदावतो. लक्ष एका जागी ठरत नाही, आठवण शोधून खाली उतरवायला वेळ लागतो. पण कुणी स्टूल दिलं, म्हणजे एखादी खूण सांगितली, तर ती चटकन हाताशी येते. अल्झायमरचं वेगळं. तिथे नवं सामान वर चढतच नाही. नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूचा भाग आधी बिघडतो, त्यामुळे दहा मिनिटांपूर्वीचं जेवण उरत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीची पंगत ताज्यासारखी दिसते. पुढे पुढे जुनंही सुटत जातं, बहुधा अलीकडचं आधी आणि लहानपणचं सर्वांत शेवटी.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लंडनमध्ये या आजारावर पहिला निबंध लिहिला. त्यात सहा रुग्णांची वर्णनं होती आणि बुद्धीला धक्का लागत नाही असं त्यांनी म्हटलं होतं. त्याच समजुतीवर पुढे बराच काळ गेला. आपल्याकडे कंपवात हे नाव त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे, आणि ज्या कवचबीजाचं औषध वैद्य देत त्यात आजच्या गोळीतलंच लेव्होडोपा असतं. पण मनावरच्या परिणामाकडे सगळ्यांनीच उशिरा पाहिलं. सिडनीत काही रुग्णांचा वीस वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा वीस वर्षांनंतर हयात असलेल्यांपैकी ८३ टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेला आढळला. हा आकडा घाबरवायला सांगत नाही. वीस वर्षं लांबचा पल्ला आहे, आणि तिथवर अनेकांची बरीच वर्षं चांगली जातात. सांगायचं एवढंच, की पार्किन्सन्सच्या माणसाला विसरायला व्हायला लागलं तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नका. त्याच्या न्यूरॉलॉजिस्टला सांगा. रिव्हास्टिग्मिनसारखी औषधं यासाठी आहेत. आजार बरा होत नाही, पण काहींना लक्ष द्यायला, दिवस रेटायला मदत होते.

आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, म्हणजे शंभरात सातांहून थोडे जास्त. तुमच्या इमारतीत एकतरी घर असणार.

नंदाखालच्या एका आजींकडे मी जात असे. त्यांना अल्झायमर होता. मुलाला त्या भाऊ समजायच्या, सुनेला विचारायच्या, “बाय, तू कोणाची?” पण पुढ्यात मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली आणि दोरा ठेवला की बोटं आपोआप चालू लागायची. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, एक फेरा, एक गाठ. वीतभर गजरा बघता बघता व्हायचा, गाठ एकही सुटायची नाही. हाताचं शिकलेलं मेंदूत दुसऱ्याच ठिकाणी राहतं, आणि त्या आजारात ते खूप दिवस टिकतं. बाबांचं, एका गिरणी कामगाराचं, उलटं होतं. गिरणीत चाळीस साली, बेचाळीस साली कुठला माल निघायचा, अशा जुन्या जॉबरांनी, म्हणजे मुकादमांनी, सांगितलेल्या गोष्टी त्यांना पाठ होत्या, साच्याचा, म्हणजे मागाचा, तुटलेला धागा कसा सांधायचा हे ते शब्दांत नीट सांगायचे, पण सदऱ्याचं बटण त्यांना लावता येत नव्हतं. म्हणून आपल्या माणसाला कोणता आजार आहे ते माहीत हवं. आजींना काम द्यायचं, बाबांना खूण द्यायची.

जुन्या आठवणींबद्दल आणखी एक सांगते, कारण घरात सर्वांत जास्त भांडणं यावरून होतात. बाबांना १९८२ चा गिरणी संप पक्का आठवायचा. १८ जानेवारी ही तारीखसुद्धा. पण माझं लग्न संपाच्या आधी झालं असं ते ठासून सांगायचे. संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते! आम्ही सगळे त्यांच्यावर तुटून पडायचो, अहो बाबा कसं शक्य आहे, तुम्हीच बघा. पार्किन्सन्समध्ये काय घडलं ते राहतं आणि कधी घडलं त्याचा क्रम विस्कटतो, हे अभ्यासकांनी डिमेन्शिया नसलेल्या रुग्णांतही नोंदवलेलं आहे, हे मला नंतर कळलं. ते खोटं बोलत नव्हते, हट्टही करत नव्हते. आणि त्या चुकलेल्या क्रमाने कुणाचं काय अडत होतं? दुरुस्ती तेव्हाच करा, जेव्हा ती न केल्याने गोळी चुकेल, पैसा जाईल किंवा गॅस चालू राहील. बाकीच्या वेळी ऐकून घ्या.

आई २०१४ साली गेली. नंतर काही वर्षांनी बाबा विचारू लागले, “तुझी आई कुठे गेली गं?” मी प्रामाणिकपणे सांगितलं, बाबा, आई वारली. ते हुंदके देऊन रडले, जणू बातमी आत्ताच आली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, ते पुन्हा तसेच रडले. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, “आईची आठवण आली का? तिच्या हातच्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला आज कुणाची सर नाही.” बाबा म्हणाले, “सोलकढी पण.” आणि अर्धा तास आम्ही आईबद्दल बोललो. यात मी खोटं काही बोलले नाही. तुम्हालाही बोलावं लागणार नाही.

“मला घरी जायचंय” हे वाक्य तर विरार-नालासोपाऱ्यातल्या किती घरांत रोज संध्याकाळी ऐकू येत असेल! आपल्या या पट्ट्यात गिरणगावातून, गिरगावातून आलेली कुटुंबं हजारोंनी आहेत. संपानंतर परळची खोली विकून आम्हीही १९८७ साली इकडे आलो. बाबा विरारच्या घरात पस्तीस वर्षं राहिले, पण ‘घर’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर चाळच यायची, आणि कधी त्याच्याही मागचं मालवणी मुलखातलं मातीचं घर. “हेच तर घर आहे” असं आपण म्हणतो आणि त्या माणसाला वाटतं आपल्याला डांबून ठेवलंय. त्याऐवजी विचारा, घरी कोण कोण असतं, अंगणात काय आहे. बोलता बोलता जीव शांत होतो. लघवीला लागली असेल, भूक लागली असेल, दिवे लागणीच्या वेळेला खोलीत अंधार झाला असेल, तेही बघा. पुष्कळदा ‘घरी’चा अर्थ एवढाच असतो की इथे मला बरं वाटत नाहीये.

भाषाही मागे मागे जाते. बाबा शेवटी मालवणीच बोलायचे आणि त्यांना सांभाळायला येणारी मुलगी हिंदी. ‘वाईच पाणी’ म्हणजे थोडं पाणी, हे तिला कळायला आठवडा गेला. वसईत वाडवळी, सामवेदी, मांगेली, आगरी बोलणारी म्हातारी माणसं आहेत. तुमच्या घरी सांभाळायला ब्यूरोतून कुणी येत असेल तर तहान, लघवी, दुखणं, थंडी, भीती एवढ्यांचे तरी घरातले शब्द कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवा.

आता औषधांबद्दल. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा, इथे जीव जातो.

बाबांना एकदा रात्री सोफ्यावर मुलं बसलेली दिसू लागली. चार-पाच मुलं, गप्प बसलेली, त्रास न देणारी. पार्किन्सन्सच्या डिमेन्शियात असं दिसणं नेहमीचं आहे. काही औषधांनीही होतं. आम्ही घाबरलो आणि जवळच्या एका रुग्णालयात नेलं. तिथे ते रात्री ओरडले म्हणून शांत करायला इंजेक्शन दिलं. सकाळी बाबा लाकडासारखे ताठ झाले होते. पाणी गिळता येईना. मूळपदावर यायला तीन आठवडे गेले. हॅलोपेरिडॉलसारखी औषधं डोपामिनचाच रस्ता अडवतात आणि या रुग्णांमध्ये ती धोकादायक ठरू शकतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि चक्करेवरचं प्रोक्लोरपेराझिन ही तर औषधाच्या दुकानात सहज मिळणारी औषधं, तीही त्याच जातीची. त्या रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरांना मी हे सांगू शकले असते, पण मलाच माहीत नव्हतं. तुम्ही आज एका कागदावर लिहा: ‘यांना पार्किन्सन्स आहे. हॅलोपेरिडॉल, मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय देऊ नये.’ खाली गोळ्यांच्या वेळा लिहा. एक प्रत फाइलमध्ये, एक रुग्णाच्या खिशात.

कंप थांबवायला पूर्वीपासून दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी वयस्कर माणसाची स्मरणशक्ती धूसर करते. सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या काही गोळ्याही तसंच करतात. चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, ही अजून हवी का? स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका, लेव्होडोपा तर मुळीच नाही. ती एकदम थांबवली तर ताप येऊन माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. आणि ती जेवणाआधी अर्धा तास द्या. डाळ, दूध, मासळी यांच्यातल्या प्रथिनांबरोबर गेली तर नीट शोषली जात नाही, आणि मग आपण म्हणतो, गोळी लागू पडेना.

विसरायला लागलं की प्रत्येक वेळी डिमेन्शियाच असतो असंही नाही. बी-१२ कमी, थायरॉइड मंद, मनाची उदासी, पडल्यानंतर कवटीत हळूहळू साचलेलं रक्त, यांनीही माणूस विसरभोळा होतो आणि यांवर उपाय आहेत. म्हणून रक्त तपासा, डॉक्टर म्हणाले तर स्कॅन करा. कानाला ऐकू येत नसेल तर यंत्र लावा, मोतीबिंदू काढून घ्या. जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहील? आणि कालपर्यंत बरा असलेला माणूस आज एकदम बरळू लागला, दिवसा झोपून रात्री उठू लागला, तर तो मूळ आजार वाढलेला नसतो. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, नवीन गोळी, झटका, असं काहीतरी असतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ‘असंच होणार आता’ म्हणत दोन दिवस काढू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक बारीक होत जातं, सही बँकेतल्या सहीशी जुळत नाही आणि पेन्शन अडकते. खातं वेळेत संयुक्त करा, वारसनोंद बघा, इच्छापत्र माणसाला समजतं आहे तोवर करा. मुखत्यारपत्र करून ठेवलं की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. करून देणाऱ्याची समज गेली की ते कायद्याने संपतं, हे वकिलाकडून समजून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचं नाव आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला लाजू नका.

लाजेचं मात्र थोडक्यात सांगून भागत नाही. आमच्या घरी तीन वर्षं आम्ही सोसायटीत कुणाला सांगितलं नाही. बाबांना मिटिंगला नेणं बंद केलं, लग्नाला नेणं बंद केलं. जेवताना त्यांच्या हातून वरण सांडतं, म्हणून पंगतीत बसवणं बंद केलं. महाराष्ट्राला इतकं हसवणारे पु. ल. देशपांडे शेवटची वर्षं याच आजारात होते. १९७४ चा रेल्वे संप उभा करणारे जॉर्ज फर्नांडिस, ज्यांच्या एका हाकेवर विरारची गाडी थांबली असती, अल्झायमरने सगळं विसरून गेले. त्यांना झालं ते माझ्या बाबांना झालं, त्यात लपवण्यासारखं काय होतं? पण कळायला तीन वर्षं लागली. ज्या दिवशी खालच्या वॉचमनला, समोरच्या किराणावाल्याला आणि नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना बाबांचा फोटो दाखवून सांगितलं, त्या दिवसापासून मी रात्री झोपू लागले.

मदत आहे, शोधावी लागते. मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते. रुग्ण आणि घरचे एकत्र जमतात, व्यायाम करतात, बोलतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, आणि तिथेच हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना नाच शिकवायला सुरुवात केली. तालावर पाऊल उचलतं, एरवी जमिनीला चिकटलेलं असतं. घरी आम्ही भजनाच्या ठेक्यावर बाबांना मोरीपर्यंत चालवत न्यायचो. आपल्या राजोडीत समुद्राजवळ शैलेश मिश्रा यांच्या सिल्व्हर इनिंग्जने ‘स्नेहांजली’ काढलं, डिमेन्शियाच्या ज्येष्ठांना सांभाळणारं घर. घरी शक्य नसेल तर अशा ठिकाणी ठेवणं म्हणजे टाकून देणं नव्हे, हे मी आता ठामपणे म्हणते, पूर्वी म्हणाले नसते. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आणि मनावर ताण आला तर १४४१६, हे दोन नंबर फ्रिजवर लिहून ठेवा. दुसरा नंबर तुमच्यासाठी आहे, सांभाळणाऱ्यांसाठी.

सांभाळणारी बहुतेक घरांत एकच बाई असते, बायको, सून किंवा मुलगी. बाकीचे पहाटेची गाडी पकडतात आणि रात्री नऊला येतात. कधी ती बाईसुद्धा नोकरीला जाते आणि म्हाताऱ्या माणसाला आत ठेवून बाहेरून कुलूप लागतं. मला कळतं का लागतं ते. पण आग लागली, माणूस पडला, तर? निदान एक किल्ली शेजारी द्या. आणि शेजाऱ्यांनो, “काही लागलं तर सांगा” असं म्हणू नका, ती कधीच सांगणार नाही. म्हणा, “मंगळवारी चार ते सहा मी काकांपाशी बसतो, तू बाहेर जाऊन ये.”

बसाल तेव्हा काय करायचं? आधी समोर या, त्यांच्या नजरेच्या पातळीला बसा आणि आपलं नाव सांगा. “काका, मी परळच्या चाळीत तुमच्या शेजारी राहायचो. मला तुम्ही राणीच्या बागेत नेलं होतं, हत्तीवर बसवलं होतं.” म्हणजे हातात स्टूल दिलंत. मग थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. उत्तराला वेळ लागतो आणि आपण तिसऱ्या सेकंदाला दुसरा प्रश्न टाकून पहिल्याची वाट बंद करतो. फोटो दाखवाल तर “हा कोण?” नको, “हा बघा तुमचा धाकटा भाऊ, केवढी मिशी ठेवलीय” म्हणा. एखादं नाव आलं नाही तर नाही आलं. तुम्ही आलात याचं बरं वाटणं नाव विसरल्यानंतरही मागे राहतं. असा माणूस भेटून गेल्यावर बाबांच्या हाताचा कंप कमी झालेला मी पाहिलाय. आणि ज्यांचे आई-वडील अजून सगळं सांगू शकतात, त्यांनी मोबाइलवर त्यांचा आवाज आत्ता साठवून ठेवा. गावचं नाव, शाळा, पहिला पगार, कुणी कुणाला काय म्हणून हाक मारायचं. पुढे त्यांना स्टूल द्यायला तुमच्याकडे काहीतरी हवं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे यांनी केलेले संस्कृतचे वृद्ध प्राध्यापक एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात, आणि माहुताची बायको त्यांना काही न विचारता जेवू घालते. तो चित्रपट मी पाहिला आणि मला ओळखीचा वाटला, कारण तशी बाई मला विरार स्टेशनवर भेटली होती.

२०१९ चा एप्रिल. पहाटे साडेपाचला जाग आली तर दार उघडं, बाबांची खाट रिकामी. खुंटीवरचा पांढरा सदरा नाही, स्वयंपाकघरातला जेवणाचा जुना डबाही नाही. ते पहिल्या पाळीला निघाले होते. मी आणि माझे यजमान दोन दिशांना धावलो. पाऊण तासाने माझा फोन वाजला. फलाटावरून एक आगाशीची फुलवाली बोलत होती, दादरला माल घेऊन निघालेली. बाबांच्या खिशातल्या कार्डावर माझा नंबर होता. मी पोचले तेव्हा ते तिच्या पाट्यांशेजारी बाकावर बसले होते, हातात मोगऱ्याची पुडी. ते लोकांना एल्फिन्स्टनची गाडी विचारत होते. त्या स्टेशनचं नाव आदल्या वर्षीच्या जुलैत प्रभादेवी झालं होतं, आणि दोन-तीन जणांनी त्यांना तसं सांगितलं, असं कुठलं स्टेशनच नाही आजोबा. ते अधिकच भांबावले. ही बाई उठली आणि म्हणाली, “एल्फिन्स्टनची ना काका? येतेय. वेळ हाय अजून, बसा इथं.” तिने दोन गाड्या सोडल्या. मला म्हणाली, “चार साचे एकटे चालवतात म्हणत होते तुमचे बाबा. लय हुशार हायेत.”

विरारहून रोज गाडी पकडणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. फलाटावर एखादे आजोबा किंवा आजी चुकीच्या वेळी, चुकीच्या चपला घालून, नसलेल्या स्टेशनची गाडी विचारताना दिसले तर त्यांना नाव विचारत बसू नका, चूक दाखवू नका. गाडी येतेय म्हणा, बसवा, पाणी द्या. खिशात किंवा गळ्यात कार्ड आहे का बघा. नसेल तर १३९ किंवा ११२ ला कळवा आणि पोलीस येईपर्यंत तिथेच थांबा. कार्ड असेल तर त्यावरचा नंबर लावा. तिकडे फोन उचलणारं माणूस तोवर पायात चप्पलही न घालता रस्त्यावर आलेलं असतं.